फ्लेक्सवरची युद्धनौका

पिंपळगाव बसवंतला मला कुणी नावाने हाक मारत नाही. कोल्ड स्टोरेजच्या मालकापासून द्राक्षांचे टेम्पो आणणाऱ्या ड्रायव्हरपर्यंत सगळे ‘नेव्ही’ म्हणतात. ‘नेव्ही, चहा घे.’ ‘नेव्ही, तीन नंबरच्या खोलीचं टेंपरेचर बघ.’ सुरुवातीला बरं वाटायचं. आता ती हाक आली की मी उत्तर द्यायला जरा वेळ लावतो. लोकांना वाटतं, कॉम्प्रेसरच्या आवाजात ऐकू आलं नसेल.

मी कोकणातला, मालवणच्या खालच्या अंगाचा. दारातून समुद्र दिसतो. वडील रापणीवर होते. रापण म्हणजे सगळ्या वाडीने किनाऱ्यावर उभं राहून ओढायचं लांबच लांब जाळं. होडी जाळं टाकून परत येते आणि बाकीची माणसं कमरेएवढ्या पाण्यात दोर ओढत राहतात. म्हणजे जन्मभर समुद्रावर जगून वडील खोल समुद्रात कधी गेलेच नाहीत. लांबून, क्षितिजाच्या रेघेवरून राखाडी रंगाच्या बोटी जायच्या. वडील दोर हातात धरूनच म्हणायचे, ‘ती बघ, लढाईची बोट.’ आणि पुन्हा ओढायला लागायचे.

दहावीचा निकाल लागला आणि मी शाळा सोडली. बरे गुण होते, मास्तर घरी येऊन सांगून गेले, पण मला त्या राखाडी बोटींचीच घाई झाली होती. नौदलात स्वयंपाकी म्हणून लागलो. आईने वाडीत सगळ्यांना सांगितलं, ‘माझो झील लढाईच्या बोटीर गेलो.’

मी गेलो नव्हतो. आधी किनाऱ्यावरच्या एका तळावर डाळ शिजवली, मग दुसऱ्या तळावर. जहाज एकदाच मिळालं, तेव्हा ते मोठ्या दुरुस्तीसाठी गोदीत लागलं होतं. गोदीतलं पाणी काढून टाकलेलं, आणि एवढं मोठं धूड लाकडी ठोकळ्यांवर बसवलेलं. जहाजातला भटारखाना उखडलेला होता म्हणून आम्ही धक्क्यावरच्या शेडमध्ये रांधायचो आणि डबे भरून वर न्यायचो. दुरुस्ती संपत आली, गोदीत पाणी सोडायची बोलणी सुरू झाली, आणि माझी बदली परत तळावर झाली. नोकरीची मुदत संपली तेव्हा पुढची मुदत मिळणाऱ्यांत मी बसलो नाही. तक्रार नाही माझी. माझ्याहून चांगली मुलं होती. निघताना सांगितलं, तू आता राखीव. गरज पडली तर बोलावू.

राखीव या शब्दावर मी किती दिवस काढले ते मलाच माहीत. वाडीत परत जायचं तोंड नव्हतं. आईला काय सांगणार, लढाईच्या बोटीची पायरी चढलो पण ती बोट जमिनीवर बसली होती? नोकरीतला एक मित्र चांदवडकडचा. त्याचे पाहुणे पिंपळगावात, द्राक्षबागायतदार, आता स्वतःचं कोल्ड स्टोरेज आणि पॅकिंगचं काम काढलेले. त्यांना सगळं गाव आबा म्हणतं. मित्र मला त्यांच्यापुढे उभा करून निघून गेला.

‘नेव्हीत काय करायचा?’ आबांनी विचारलं.

‘स्वयंपाक, आबा.’

‘बोटीवर मशिनरी राहत असंल ना पण?’

‘राहते.’

‘मग झालं. मशीन पाहिलेला माणूस हे. चाचाच्या हाताखाली राहा.’

चाचा म्हणजे त्यांचा प्लांट सांभाळणारा म्हातारा. मालेगावचा. तरुणपणी यंत्रमागावर होता, मग बर्फाच्या कारखान्यात लागला, आणि तिथून अमोनियाच्या प्लांटवर. द्राक्षं थंड ठेवणाऱ्या त्या सगळ्या पाइपांतून अमोनिया फिरतो. वास एकदा नाकात गेला की माणूस जन्मात विसरत नाही. पहिल्या दिवशी चाचाने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, ‘दर्याचा पोरगा आणि पिंपळगावात? यहां तो नहरसुद्धा उन्हाळ्यात सुकते, बेटा.’

मी मुळात घाबरट माणूस आहे. खोलीला कुलूप लावून जिना उतरायचा आणि परत वर जाऊन कुलूप ओढून बघायचं, ही माझी सवय. परमुलखात ती वाढली. मालकाने कपाळाला आठी घातली तरी मला वाटायचं, आज काढणार. आबांनी काढलं नाही. वरच्या मजल्यावर राहायला खोली दिली. त्यांच्या घरून सणाला ताट यायचं. एकदा आई विहिरीवर पडली, पाय मोडला. फोन आला तेव्हा मी पॅकिंग हॉलच्या दारात नुसता उभा राहिलो होतो. आबांनी एका बाईला विचारलं, ‘काय झालं याला?’ आणि मला एक शब्द न विचारता स्वतःच्या ड्रायव्हरला बोलावलं. ‘याला घरी सोडून ये.’ घरी म्हणजे पार मालवणला. पिंपळगावपासून मालवण किती लांब आहे हे ज्याला माहीत आहे, त्याला यातलं मोठेपण कळेल.

ते मी विसरलो नाही. विसरता आलं असतं तर पुढचं सगळं वेगळं झालं असतं.

यंदा द्राक्षाचा सीझन ऐन भरात असताना जुन्या नौसैनिकांच्या फोनवरच्या ग्रुपात निरोप आला. ताफ्याची जहाजं सरावासाठी निघणार होती आणि काही कामांना माणसं कमी पडत होती. राखीव यादीतल्यांनी इच्छा कळवावी, तब्येतीच्या तपासणीत पास झाल्यास काही आठवडे चालू जहाजावर नेमणूक मिळेल. कामांत स्वयंपाकी होताच. मी तो निरोप प्लांटरूममध्ये उभ्याने वाचला. मग बाहेर येऊन उजेडात वाचला. चालू जहाज. ठोकळ्यांवर बसवलेलं नाही. वय बघता अशी संधी मला पुन्हा येणार नव्हती, हे मला न सांगता कळत होतं.

चाचाला सांगितलं. तो कॉम्प्रेसरच्या पाइपावर हात ठेवून उभा होता, आजाऱ्याच्या कपाळावर ठेवतात तसा.

‘म्हणजे परत डाळच शिजवणार?’

‘डाळच. पण पाण्यावर.’

‘उलटी झाली तर?’

‘होऊ दे की.’

तो हसला. ‘जा. आबाला सीधा सांग. घुमवून फिरवून सांगू नको, तुला ते जमत नाही.’

सीझनमध्ये रजा मागणं म्हणजे लग्नघरात आचाऱ्याने सुट्टी मागण्यासारखं. दोन दिवस माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. तिसऱ्या दिवशी आबा गेटवर टेम्पोवाल्यांशी बोलत उभे होते, तिथेच बोललो. वाटलं होतं, भडकतील. ते टेम्पोवाल्यांकडे वळून म्हणाले, ‘ऐकलं का रे? आपला नेव्ही लढाईच्या बोटीवर चालला.’

‘अजून तपासणी व्हायची आहे, आबा.’

‘काय तपासायचं तुझ्यात? धट्टाकट्टा हे. जा बिनधास्त. देशाचं काम हे, मी कोण अडवणार?’

माझे डोळे भरले. खोटं कशाला सांगू, मी तिथेच वाकून त्यांच्या पाया पडलो. टेम्पोवाल्यांसमोर.

दोन-तीन दिवसांत चौकात फ्लेक्स लागला. ‘युद्धनौकेवर निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.’ वर आबांचा हात जोडलेला मोठा फोटो. खाली कोपऱ्यात मी, जुन्या ओळखपत्रावरून उचललेला, एक कान कापला गेलेला. मध्ये मोठी थोरली युद्धनौका पाणी फाडत निघालेली. छापणाऱ्याने ती कुठून तरी शोधून टाकली होती आणि तिच्या काठीवर भलत्याच देशाचा झेंडा होता. हे माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं नाही. मी बोललोही नाही. इतक्या प्रेमाने लावलेल्या फ्लेक्समध्ये खोड काढायची कशी? वणीच्या देवीला पायी निघालेली माणसं चौकात सावलीला थांबायची, फ्लेक्स वाचायची, मग चहाच्या टपरीवर मला बघून एकमेकांना कोपर मारायची. एका म्हाताऱ्या बाईने तर माझ्या डोक्यावरून हात फिरवला. निवड व्हायची होती अजून. तपासणीला मुंबईला बोलावणं आलं होतं, एवढंच खरं होतं.

आईलाही फोन केला. तिथे मात्र माझी जीभ सैल सुटली. म्हटलं, आये, बोटीर जातंय. खरोखरच्या.

‘खरोखरच्या म्हंजे?’ ती म्हणाली. ‘मगे आदी खंय गेल्लंस?’

मी विषय बदलला.

तपासणीला आठवडा राहिला असेल. शुक्रवार होता, दुपार. चाचा जुम्म्याच्या नमाजाला गेलेला. पॅकिंग हॉलमध्ये बाया ओळीने बसून घडातले खराब मणी कात्रीने काढत होत्या, डोक्याला टोप्या, रोजच्यासारखी बडबड. मी खोल्यांची टेंपरेचरं बघून येत होतो आणि प्लांटरूमच्या दाराशी वास आला.

कुठून ते मला लगेच कळलं. एका व्हॉल्व्हच्या दांडीतून थोडं थोडं झिरपत होतं. सीझनच्या सुरुवातीलाच चाचाने आबांना सांगितलं होतं की आतलं पॅकिंग, म्हणजे दांडीभोवती गळती अडवणारी गुंडाळी, गेलंय, प्लांट थांबवून बदलायला पाहिजे. आबा म्हणाले होते, ‘आता बंद केला तर माल काय डोक्यावर ठेवू? सीझन उरकू दे.’ ते झिरपणं त्या दुपारी एकदम वाढलं होतं. पांढरा धूर जमिनीलगत सरकत होता.

प्लांटरूम आणि पॅकिंग हॉल यांच्यामध्ये एकच दार. पलीकडे तेवढ्या सगळ्या बाया. मी ओरडलो, ‘बाहेर व्हा सगळ्या, अंगणात चला,’ पंचा बादलीत बुडवून तोंडाला बांधला, आत शिरलो आणि मागचं दार लावून आतून कडी घातली.

आता यावर कोल्ड स्टोरेजमधला कुठलाही माणूस कपाळावर हात मारेल. इथला नियम उलटा आहे. अमोनिया सुटला की दार उघडं ठेवायचं, दारात दुसरा माणूस उभा करायचा, मगच आत पाय टाकायचा. चाचाने मला हे पढवलं होतं, एकदा नाही, कितीदा तरी. पण नौदलात भरती झाल्या झाल्या, स्वयंपाकी असो की आणखी कुणी, सगळ्यांना एका लोखंडी खोलीत कोंडून फाटक्या पत्र्यांतून पाणी सोडायचे. शिकवणारा वरून ओरडायचा, आधी मागचं दार लावा. जहाज आधी, तुम्ही नंतर. तेव्हा मी कोवळा पोरगा होतो. तेव्हाचं अंगात जे गेलं ते गेलं. जहाजावर ते कधीच कामी आलं नाही, कारण जहाजच नव्हतं. ते कामी आलं पिंपळगावात, द्राक्षांपाशी.

व्हॉल्व्ह बंद केला. कसा केला ते नीट आठवत नाही. डोळ्यांत तिखट घातल्यासारखं झालं होतं, आणि घसा कुणी मुठीत धरला आहे असं. मास्क होते, नाही असं नाही. पण बाहेरून पाहणीला येणाऱ्यांना कोरे दिसावेत म्हणून ते काचेच्या कपाटात होते, कपाटाला कुलूप, किल्ली ऑफिसात. कडी काढायला परत दारापाशी आलो तर हात कडीवर बसेना. बाहेरून चाचाचा आवाज येत होता. तो नमाजाहून परत आला होता आणि दारावर लाथा घालत होता. शेवटी कडी तुटली.

अंगणात मला पाण्याच्या नळाखाली बसवलं. चाचा माझ्या डोळ्यांवर पाणी मारत होता आणि शिव्या देत होता. ‘दार बंद करून कोण आत जातो? कुणी शिकवलं तुला?’

‘नेव्हीत,’ मी कसंबसं म्हटलं.

‘तिथे तर तू पोळ्या लाटत होतास ना?’

एक मावशी हसली. मग तिला रडू आलं. सगळ्या बाया धडधाकट बाहेर होत्या. हॉलमधल्या मालालाही काही झालं नव्हतं.

आबा धावत आले. त्यांनी स्वतः मला गाडीत घातलं, गावातल्या खाजगी दवाखान्यात नेलं, तीन दिवस ठेवलं, रोज येऊन बसले, शहाळं आणलं. डॉक्टरांना त्यांनीच सांगितलं, ‘कचरा पेटवला होता, धूर गेला छातीत.’ मी पलंगावर पडून ते ऐकलं. डॉक्टर गेल्यावर आबांनी माझ्या पायावरची चादर सारखी केली.

‘नेव्ही, हे बाहेर बोलायचं नाही बरं का. परदेशात जाणाऱ्या मालाची पाहणी करणारे लोक येणार हे पुढच्या आठवड्यात. एवढ्या बायांची रोजी हे त्यावर. तू आमच्या घरातला हे म्हणून सांगतो.’

मी मान हलवली. बोलायला घसा नव्हता. असता तरी मान हलवली असती. मालवणपर्यंत सोडायला आलेली ती गाडीच माझ्या डोळ्यांपुढे होती.

चाचा संध्याकाळी आला, खजूर घेऊन. मी खुणांनी, तुटक शब्दांत सांगितलेलं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, ‘मुंबईची तारीख पुढे ढकलून घे. ही छाती घेऊन जाऊ नको.’

मी ढकलून घेतली नाही. भीती वाटली. एकदा पुढे ढकला म्हटलं तर म्हणतील, राहू द्या. ताफा माझ्यासाठी थोडाच थांबणार होता? आणि चौकात तो फ्लेक्स.

मुंबईला वजन झालं, डोळे झाले, रक्त झालं, सगळं बरं निघालं. मग एका नळीत फुंकायला लावलं. गणवेशातली तरुण डॉक्टर होती, हिंदीत बोलायची, आवाज मऊ. मी फुंकलं आणि खोकल्याची उबळ आली. तिने पाणी दिलं, थांबली, परत फुंकायला सांगितलं. परत. मग ती समोर बसली.

‘अलीकडे धूर, गॅस, रसायन, कशाशी संबंध आला का? कामावर किंवा घरी?’

त्या खोलीत आबांना ओळखणारं कुणी नव्हतं. पिंपळगाव कुठे आहे हे तिला माहीत असायचं कारण नव्हतं. मी खरं सांगितलं असतं तर कोल्ड स्टोरेजच्या गेटपर्यंत कुणी जाणार नव्हतं. हे मला आज कळतं असंही नाही, तेव्हाही कळत होतं. तरी तोंडातून आलं, ‘नाही, मॅडम.’

‘नक्की?’

‘नक्की, मॅडम.’

कुणी मला दमदाटी केली नव्हती. आबांनी घरातला म्हटलं होतं, आणि ते मला इतकं गोड लागलं होतं की त्याची परतफेड मी सापडेल तिथे करत सुटलो होतो. जिथे कुणी मागितली नव्हती तिथेही.

तिने काहीतरी लिहिलं. लिहिताना सहज बोलावं तसं म्हणाली, ‘असं काही झालं असतं तर आम्ही थांबलो असतो, काही महिन्यांनी परत तपासलं असतं. बहुतेकदा भरून येतं ते. पण काहीच कारण नसताना छाती अशी आहे म्हणजे जुना आजार आहे. राखीव यादीतही ठेवता येणार नाही.’

तेव्हा तरी बोलायचं होतं. खुर्चीत होतो अजून, ती समोर होती. पण वर्दीपुढे एकदा ‘नक्की’ म्हटल्यावर ते परत घ्यायचं मला कुणी शिकवलंच नव्हतं. मी उठलो, थँक यू मॅडम म्हटलं. थँक यू म्हणालो, हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

परतीच्या बसमधून नाशिक ओलांडलं, बागा सुरू झाल्या, आणि पिंपळगावच्या चौकात उतरलो तर मी माझ्याच फोटोखाली उभा होतो.

आबांना सांगितलं. त्यांना खरोखर वाईट वाटलं, एवढं मान्य केलं पाहिजे. ‘अरेरे,’ म्हणाले, ‘नशीब एकेकाचं.’ मग म्हणाले, ‘एका अर्थी बरंच झालं म्हण. सीझनमध्ये तू नसता तर लय ओढाताण झाली असती.’ छाती का बिघडली, हा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही काढला नाही.

‘फ्लेक्स उतरवायचा का, आबा?’

‘राहू दे की. कोण वाचतंय?’

वाचत होते सगळे. भाजीवाला विचारायचा, ‘काय नेव्ही, गेला नाही अजून बोटीवर?’ टेम्पोवाले म्हणायचे, ‘बोट पंक्चर झाली वाटतं.’ मी हसायचो. इथे हसलं की प्रश्न संपतो, हे मी शिकलो आहे.

चाचाला मात्र सगळं सांगितलं, डॉक्टरच्या प्रश्नासकट. 

‘किसके लिए?’ त्याने विचारलं.

‘आबांसाठी.’

‘आबा तिथे होता?’

‘नाही.’

‘मग?’

मी खोल्यांची टेंपरेचरं बघायला निघालो. त्याने पुढे विचारलं नाही आणि उपदेशही केला नाही. संध्याकाळी ऑफिसात गेला आणि मास्कच्या कपाटाची किल्ली मागून आणली. आबांनी विचारलं कशाला, तर म्हणाला, ‘गंजते ती तिकडे.’ आता ती त्याच्या खिशात असते. व्हॉल्व्हचं पॅकिंग सीझन संपल्यावर बदलायचं ठरलं आहे.

मग कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स चौकात लागायचा होता म्हणून माझा उतरला. वाया घालवायची वस्तू नाही ती, कापड जाड असतं. काढून टाकलेल्या मण्यांचे क्रेट बेदाण्यासाठी टेम्पोत चढवले होते, त्यावर उन्हाला आड म्हणून तोच घातला. दोरी ओढायला मीही होतो. आबांचा फोटो आतल्या बाजूला गेला, जहाज वर आलं, उलटं. चाचा म्हणाला, ‘देख, निघाली तुझी बोट.’ टेम्पो हायवेला लागला आणि मला हसू आलं, खरंखुरं. खोकला येईपर्यंत हसलो.

एवढं सगळं झालं आणि आईला सांगायचं राहिलंच होतं. राहिलं म्हणजे मी रोज उद्यावर ढकलत होतो. मध्यंतरी ती फोन करत नव्हती, कारण तिच्या मते मी समुद्रात होतो आणि समुद्रात फोन लागत नाही.

परवा तिचा फोन आला. सकाळची वेळ, मी क्रेट रचत होतो. मागे लाटांचा आवाज येत होता. म्हणजे ती घरात नव्हती, किनाऱ्यावर उभी होती, मोडून बसलेला पाय घेऊन.

‘झिला, लागलो काय रे फोन?’ तिला आश्चर्यच वाटलं. ‘माका वाटलां लागाचो नाय. मी उगीच लावन् बघलंय. आज फाटेपासून मोठ्यो बोटी दिसतत हय. लायनीत. राखाडी. सगळी वाडी येवन् बघता. तुझी खंयची ती?’

मी हातातला क्रेट खाली ठेवला.

‘मी पदर हलवलंय,’ ती म्हणाली. ‘सगळी हसाक लागली. हसानेत. तुका दिसलो काय?’

दिसला म्हणणं किती सोपं होतं. एक शब्द. ती दिवसभर वाडीत सांगत फिरली असती. पण मुंबईच्या त्या खोलीत सोपा शब्द बोलून झाला होता माझा, आणि दुसऱ्यांदा तो तोंडात आला तेव्हा त्याची चव ओळखू आली.

‘नाय, आये,’ मी म्हटलं. ‘मी थय नाय. मी हयच आसंय, पिंपळगावात. माका घेतल्यानी नाय.’

 लाटांचा आवाज तेवढा येत राहिला. कुणीतरी तिला विचारत होतं, ‘काय म्हणता गो? खंयच्या बोटीर आसा?’ 

‘कित्याक घेतल्यानी नाय?’ तिने मला विचारलं.

आतून आबांची हाक आली, ‘नेव्ही, अरे तीन नंबरचं दार उघडं राहिलंय बघ.’

‘सांगतंय,’ मी आईला म्हटलं. ‘सगळां सांगतंय. थांब जरा.’ आणि पिंपळगावात आल्यापासून पहिल्यांदाच आबांच्या हाकेला ओ न देता गेटबाहेर गेलो, निंबाच्या सावलीत बसलो, आणि तिला व्हॉल्व्हपासून सांगायला सुरुवात केली.